लमाणांचा तांडा : मुक्या सोबत्यांसह प्रवासाची जुनी विद्या

शहरांतील सुशिक्षित घरांत कुत्रें किंवा मांजर पाळणें आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. अडचण उभी राहते ती सुटी लागल्यावर. सारें कुटुंब गांवीं जावयाचें ठरतें, सामान बांधून होतें, आणि मग दाराशीं बसलेल्या त्या मुक्या जिवाकडे पाहून प्रश्न पडतो, ह्याला न्यावयाचें कसें? गाडींत तें घाबरेल, उन्हानें कासावीस होईल, वाटेंत निसटून जाईल. प्रश्न आजचा वाटतो खरा. परंतु वऱ्हाडच्या वाटांनीं फिरणाऱ्या एका समाजानें तो कित्येक पिढ्यांपूर्वीं सोडविला होता, आणि तोहि एका कुत्र्यापुरता नव्हे, तर हजारों जनावरांसाठीं. तो समाज म्हणजे लमाण अथवा बंजारा.

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांत पोहरादेवी हें गांव आहे. सेवालाल महाराजांची (१७३९–१८०६) समाधि येथेंच असून रामनवमीस देशाच्या कानाकोपऱ्यांतून बंजारा बांधव येथें लोटतात. महाराजांचे वडील भीमा नाईक हे मोठें गोधन बाळगणारे तांड्याचे नायक होते, असें परंपरा सांगते. त्याच गांवीं ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं बंजारा विरासत संग्रहालयाचें उद्घाटन झालें. ज्या समाजाचें घर म्हणजे चालता तांडा, त्याच्या स्मृतीला अशी स्थिर वास्तु लाभली.

तांड्याचा व्यवसाय वाहतुकीचा. किनाऱ्याकडून मीठ आणावें, पठारावरचें धान्य दूरच्या बाजारपेठांस पोंचवावें, हा त्यांचा क्रम. लवण वाहणारे ते लमाण, अशी ह्या नांवाची व्युत्पत्ति सांगतात. गाडीची चाकें जेथें रुततील, अशा घाटांतून आणि नदीनाल्यांतून बैलाच्या पाठीवरची दुहेरी गोणीच पार पडे. पीटर मंडी ह्या इंग्रज प्रवाशाला १६३२ सालीं आग्रा-पाटणा मार्गावर असा एक तांडा भेटला. त्यांत १४,००० बैल होते. बायकामुलें, भांडींकुंडीं, सारा संसार बरोबर. त्याच शतकांतील ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या दहाबारा हजार बैलांच्या तांड्यांचें वर्णन करतो आणि सांगतो कीं, अरुंद वाटेवर असा तांडा आडवा आला, तर तो निघून जाईपर्यंत दोनदोन तीनतीन दिवस खोळंबून राहावें लागे.

एवढीं जनावरें महिनेच्या महिने चालवावयाचीं आणि तीं धडधाकट पोंचवावयाचीं, हें साधत होतें कसें? मंडीनेंच त्याचें उत्तर नोंदविलें आहे. तांडा दिवसाकाठीं सहासात मैलांपलीकडे, म्हणजे तीन-साडेतीन कोसांपलीकडे, जात नसे. आणि तेंहि थंड वेळीं. मुक्कामीं पोंचतांच गोण्या उतरवून बैल चरावयास मोकळे सोडले जात. घोडेस्वाराला हा वेग हास्यास्पद वाटला असता. परंतु तांड्याला घाईची किंमत ठाऊक होती. एक दिवस दुप्पट चालविलेला बैल पुढचे चार दिवस लंगडतो, आणि लंगड्या बैलाची गोणी दुसऱ्याच्या पाठीवर चढते, हा साधा हिशेब होता.

याहून मनोवेधक गोष्ट एकोणिसाव्या शतकांतील निरीक्षकांनीं लिहून ठेविली आहे. तांड्याच्या अग्रभागीं देवाला वाहिलेला एक बैल चाले. त्याच्या पाठीवर ओझें कधींच घालीत नसत. तांबड्या रेशमाची झूल, गळ्यांत घंटा, कवड्यांच्या माळा आणि गोंडे, असा त्याचा थाट असे. तो थकून जेथें बसेल, तेथेंच त्या दिवसाचा मुक्काम पडे. माणसें किंवा गुरें आजारी पडलीं, कीं त्याच्याच पायांशीं नवस बोलत. ह्या चालीमागें श्रद्धा होती, यांत शंका नाहीं. पण त्या श्रद्धेच्या पोटीं एक व्यवहारहि दडलेला होता. प्रवास कोठें थांबवावयाचा, हें ठरविण्याचा अधिकार लोभी व्यापाऱ्याकडे किंवा उतावीळ सरदाराकडे न राहतां जनावराच्या थकव्याकडे गेला होता.

रात्रीची राखण कुत्र्यांकडे असे. बंजाऱ्यांचीं कुत्रीं अंगानें थोराड, इमानी आणि परक्यास जवळ न येऊं देणारीं म्हणून प्रसिद्ध. छत्तीसगडांत बालोद जिल्ह्यांतील खपरी गांवीं कुकुरदेवाचें देऊळ आहे. त्याची दंतकथा अशी : एका बंजाऱ्यानें अडचणींत आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेविला. सावकाराकडे चोरी झाली तेव्हां त्या कुत्र्यानेंच लपविलेला माल दाखवून दिला. संतुष्ट होऊन सावकारानें त्याच्या गळ्यांत चिठ्ठी बांधली आणि त्यास मुक्त केलें. इमान सोडून कुत्रा पळून आला, अशा समजुतीनें धन्यानें त्याला ठार केलें. चिठ्ठी वाचली ती मागाहून. कथा खरी असो वा नसो, मुक्या प्राण्याचें म्हणणें समजून घेण्याआधीं हात उगारूं नये, हा तिचा बोध तांड्याबाहेरच्या धन्यांनाहि तितकाच लागू आहे.

लष्करांनाहि तांड्यावांचून चालत नसे. १८०३ च्या मराठे-इंग्रज युद्धांत आर्थर वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरविण्यांत बंजारे होते. आणि त्याच युद्धांतील आडगांवची लढाई, २९ नोव्हेंबर १८०३ ची, वऱ्हाडांतच झाली. परंतु शतक उलटण्यापूर्वींच तांड्याचें भाग्य फिरलें. १८६७ सालीं अकोला-बडनेऱ्यावरून जाणारा लोहमार्ग नागपुरास पोंचला. जो माल तांड्याला महिनाभर लागे, तो आगगाडी एकदोन दिवसांत नेऊं लागली. कारंज्यासारख्या पेठांचा व्यापार रुळांकडे वळला. बैल विकले गेले आणि तांडे शेतीच्या व मजुरीच्या आश्रयानें स्थिरावले. भरीस भर म्हणून १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखालीं पुढें ज्या जमाती आल्या, त्यांत बंजाऱ्यांचेंहि नांव आलें. सैन्यांना जगविणारा समाज संशयित ठरला. तो शिक्का पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावें लागलें.

आगगाडीनें वेग दिला, पण त्याबरोबर एक फरकहि घडला. तांड्यांत जनावर हा सहप्रवासी होता. आगगाडींत तें सामान झालें. त्याच्या तहानेला आणि भीतीला वेळापत्रकांत जागा उरली नाहीं. ती जागा पुन्हां मिळवून देण्यास कायदा करावा लागला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेंतील प्रयत्नांमागून १९६० सालीं प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला, आणि प्राण्याला विनाकारण यातना होतील अशा रीतीनें नेणें हा गुन्हा ठरला. ओझ्याच्या जनावरांविषयीं १९६५ चे नियम सांगतात कीं, दिवसांत ९ तासांहून अधिक व विसांव्यावांचून सलग ५ तासांहून अधिक काम घेऊं नये; आणि जेथें पारा ३७ अंशांवर चढतो, तेथें दुपारीं १२ ते ३ जनावर जुंपूं नये. हे नियम वाचतांना तांड्याच्या थंड वेळच्या चालीची आणि थकल्या ठिकाणीं पडणाऱ्या मुक्कामाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

तांडा सर्वस्वीं दयाळू होता, असें मात्र मानण्याचें कारण नाहीं. ओझें जड होतें, घाट अवघड होते, आणि दुष्काळांत माणसांबरोबर बैलहि मरत. जनावर जगलें तर कुटुंब जगेल, ह्या स्वार्थानेंच ती काळजी शिकविली होती. आजच्या गृहस्थाचा तसा स्वार्थ नाहीं. त्याच्याजवळ केवळ प्रेम आहे, आणि नुसतें प्रेम पुष्कळदां घाईंत विसरतें.

म्हणून निघण्यापूर्वीं पशुवैद्याकडून प्रकृति तपासून दाखला घ्यावा. पाणी व हलका आहार निघण्याच्या दोन तास आधीं द्यावा. पिंजऱ्याची किंवा पेटीची संवय कांहीं दिवस अगोदर घरींच लावावी. उन्हाच्या वेळीं प्रवास टाळावा, बंद मोटारींत प्राण्यास एकटें ठेवूं नये, आणि पट्ट्यावर धन्याचा पत्ता असावा. ह्या सर्व सूचनांचें सार त्या कवड्यांच्या माळा घातलेल्या बैलानें पूर्वींच सांगून ठेविलें आहे : बरोबरचा मुका जीव थकला, कीं मुक्काम आला असें समजावें.