इंटरनेट विनिमय केंद्र, स्थानिक

इंटरनेट विनिमय केंद्र, स्थानिक : एकाच देशातील वा शहरातील इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्या, विद्यापीठे, शासकीय खाती आणि मजकूर पुरविणाऱ्या संस्था आपापली जाळी ज्या सामाईक ठिकाणी परस्परांस जोडतात व देशांतर्गत वाहतुकीची थेट देवघेव करतात, ते ठिकाण. विकसनशील देशांत अशा केंद्राचे मोल तांत्रिक सोयीपुरते नाही. परकीय चलनाची बचत, सेवेचा वेग आणि स्वदेशी व्यवसायांची वाढ या तिन्ही दृष्टींनी अल्प भांडवलात एवढे फळ देणारी साधने फार थोडी आहेत.

कार्यपद्धती : एका शहरातील बँका ज्याप्रमाणे समाशोधनगृहात एकत्र येऊन एकमेकांवरील धनादेशांचा निकाल लावतात, त्याप्रमाणे येथे प्रत्येक सभासद आपली तार स्वखर्चाने केंद्रापर्यंत आणून ‘स्विच’ नावाच्या यंत्रास जोडतो आणि आपल्या ग्राहकांकडे जाणारे मार्ग ‘बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल’ या नियमसंहितेद्वारा इतरांस कळवितो. पाच कंपन्यांनी परस्परांशी स्वतंत्र तारा जोडावयाच्या म्हटल्या तर दहा तारा लागतात आणि वीस कंपन्यांना एकशे नव्वद; केंद्रात मात्र विसांना वीसच पुरतात. प्रारंभीचे यंत्र काही हजार डॉलरांत मिळते, आणि जागा, वीज व देखरेख यांचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून भागतो.

केंद्र नसताना शेजारच्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधील निरोपही परदेशी कंपनीच्या जाळ्यातून फिरून येतो, आणि त्या प्रवासाचे भाडे दोन्ही कंपन्या भरतात. दूरध्वनीच्या जुन्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत संभाषणाचे उत्पन्न दोन्ही देशांत वाटले जाई. इंटरनेटच्या बाबतीत मात्र परदेशापर्यंतच्या मार्गाचे जाण्याचे व येण्याचे संपूर्ण भाडे गरीब देशातील कंपनीवरच पडे. ज्या देशाजवळ डॉलरांची चणचण, त्यानेच आपल्या घरच्या वाहतुकीसाठी डॉलर मोजावेत, हा अन्याय दूर करण्याचा सर्वांत सुलभ उपाय म्हणजे स्थानिक विनिमय केंद्र होय.

केनियातील अनुभव : या विषयाचा सर्वांत बोधप्रद दाखला केनियाचा आहे. तेथील सेवापुरवठादारांच्या ‘टेस्पॉक’ या संघटनेने नोव्हेंबर 2000 मध्ये नैरोबी येथे विनिमय केंद्र सुरू केले. त्या काळी आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा मक्ता टेलकॉम केनिया या कंपनीकडे होता. आपल्या हक्कावर अतिक्रमण होत असल्याची फिर्याद तिने गुदरताच दूरसंचार आयोगाने दोन आठवड्यांच्या आत केंद्र बेकायदेशीर ठरवून ते बंद करण्याचा हुकूम काढला. हे केंद्र म्हणजे सभासदांपुरती मर्यादित खाजगी जोडणी असून देशाची हद्द न ओलांडणारी वाहतूक आंतरराष्ट्रीय मक्त्यात मोडत नाही, असा संघटनेचा युक्तिवाद होता. जवळजवळ वर्षभराच्या खटपटीनंतर नोव्हेंबर 2001 मध्ये परवाना मिळाला, आणि फेब्रुवारी 2002 मध्ये पाच कंपन्यांच्या जोडणीने केंद्राचे काम पुन्हा सुरू झाले.

त्या काळी केनियाच्या बाहेर जाणाऱ्या वाहतुकीपैकी सुमारे 30 टक्के वाहतूक वस्तुतः केनियातच पोहोचावयाची असे. ती उपग्रहामार्गे जाई. भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असल्यामुळे त्याच्याकडे जाऊन परत जमिनीवर येण्यास निरोपाला पाव सेकंद लागतो. नैरोबीतल्या एका कचेरीतून निघालेली विचारणा परदेशी जाऊन पुन्हा नैरोबीतल्याच दुसऱ्या कचेरीत येण्यास अशा दोन फेऱ्या, आणि उत्तरास आणखी दोन. म्हणजे यंत्रे कितीही तत्पर असली तरी एक सेकंद आकाशातच खर्ची पडे. प्रत्यक्षात हा विलंब 1,200 ते 2,000 मिलिसेकंद होता; केंद्राच्या चाचणीच्या पहिल्या दोन आठवड्यांत तो 60 ते 80 मिलिसेकंदांवर आला. देशांतर्गत वाहतुकीसाठी 512 किलोबिट क्षमतेच्या जोडणीचा मासिक खर्च 9,546 डॉलरांवरून 650 डॉलरांवर, तर 64 किलोबिटांच्या जोडणीचा 3,375 डॉलरांवरून 200 डॉलरांवर उतरला.

आर्थिक मीमांसा : केंद्राच्या प्रत्यक्ष बचतीचा हिशेब सरळ आहे : जेवढी वाहतूक देशात राहिली तिला परदेशी मार्गाचा जो दर पडला असता, त्यातून केंद्रापर्यंतच्या तारेचे भाडे व वर्गणी वजा करावी. प्रतिस्पर्ध्याच्या ग्राहकास वेगवान सेवा देण्यात आपले हित काय, अशी शंका नव्या कंपन्या घेतात. परंतु प्रत्येक देवघेवीचे एक टोक आपल्याच ग्राहकाकडे असल्यामुळे सोय दोघांची होते व भाडेही दोघांचे वाचते. शिवाय नवा सभासद आला की आधीच्या सर्व सभासदांचा लाभ वाढतो. म्हणून अशा केंद्राची योग्यता पहिल्या वर्षाच्या ताळेबंदावरून ठरविणे हितावह नसते.

याहून मोठा लाभ अप्रत्यक्ष आहे. देशातील मार्ग जलद व स्वस्त झाला म्हणजे परदेशी यंत्रांवर ठेवलेली संकेतस्थळे स्वदेशी परत येतात, जागतिक कंपन्या आपल्या लोकप्रिय मजकुराचे साठे स्थानिक केंद्रालगत मांडतात, आणि त्यामुळे वापर वाढून केंद्राची वाहतूक आणखी फुगते. केनियात गूगलचा साठा आल्यानंतर हेच घडले. तेथील महसूल प्राधिकरणाची कर व जकातीची ऑनलाइन विवरणपत्रे स्वीकारण्याची व्यवस्थाही या केंद्रावर विसंबू लागली. इंटरनेट सोसायटीसाठी 2012 मध्ये झालेल्या पाहणीत केनियाच्या केंद्राची कमाल वाहतूक सेकंदाला एक गिगाबिटहून अधिक व वार्षिक बचत सुमारे 15 लाख डॉलर आढळली. 2020 च्या पाहणीत वाहतूक 19 गिगाबिट, बचत 60 लाख डॉलर, आणि देशातल्या देशात पुरविल्या जाणाऱ्या वाहतुकीचा वाटा 30 टक्क्यांवरून 70 टक्क्यांवर गेलेला दिसला. नायजेरियात याच काळात वाहतूक 300 मेगाबिटांवरून 125 गिगाबिटांवर आणि वार्षिक बचत 10 लाखांवरून 4 कोटी डॉलरांवर गेली. समुद्रतळाच्या केबली 2009 पासून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागल्यावर परदेशी मार्गाचे दर उतरले, तरीही बचत वाढतच राहिली. यावरून स्वस्त केबल आली म्हणजे स्थानिक केंद्राची गरज संपते, हा समज निराधार ठरतो.

अटी व मर्यादा : केंद्र यशस्वी होण्यास यंत्रापेक्षा परस्परविश्वास अधिक लागतो. ते कोणाही एका कंपनीच्या मालकीच्या आवारात वा वर्चस्वाखाली असू नये, प्रवेश सर्वांस समान अटींवर असावा, आणि शासनाने परवान्याचे ओझे न घालता सभासदांस कारभाराची मुभा द्यावी, असे अनुभव सांगतो. देशातील सर्वांत मोठी कंपनी जोडणीस नकार देऊन बसली, अथवा केंद्रापर्यंतच्या स्थानिक तारेचे भाडे परदेशी मार्गाइतकेच महाग राहिले, तर उत्तम केंद्रही ओस पडते.

भारतात ‘निक्सी’ ही ना-नफा तत्त्वावरील कंपनी 2003 मध्ये स्थापन झाली व मुंबई हे तिच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक होते. तेथे जो वाहतूक मागवून घेईल त्याने तिचे मोल द्यावे असा नियम होता. त्यामुळे घरगुती ग्राहकांची सेवा करणाऱ्या लहान कंपन्यांवर भार पडे. पुढे मुंबईत खाजगी विनिमय केंद्रेही उभी राहिली. केंद्र स्थापणे जितके महत्त्वाचे, तितकीच त्यातील जमाखर्चाची रीत महत्त्वाची, हा मुंबईचा धडा होय. आणि नव्या केंद्राची आखणी करणाऱ्या प्रत्येक देशाने ही रीत लहानातल्या लहान सभासदाला परवडेल अशीच ठरविली पाहिजे, कारण त्याच्या येण्यानेच केंद्राचे मोल वाढत जाते.