साखळीची करवत : भरवसा कशावर ठेवायचा?



हत्यारांच्या इतिहासावरच्या या मालेत मागच्या वेळी आपण कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत पाहिली. आजचा विषय त्याच घराण्यातला, पण पुढच्या पिढीचा. साखळीची करवत, म्हणजे सगळे जण जिला चेनसॉ म्हणतात ती. विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी विचारलं, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला याच्याशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे. थंड मुलुखात जी माणसं वर्षभर सरपणावर राहतात, त्यांचा एक साधा प्रश्न असतो : भरवशाची चेनसॉ कोणती घ्यावी? या प्रश्नातला 'भरवसा' हा शब्द दुकानदाराने सोडवण्याइतका सोपा नाही. त्याचं उत्तर या यंत्राच्या इतिहासात आहे.

आधी दोन जुन्या गोष्टी. न्यायशास्त्रात 'करण' म्हणजे काय हे समजावताना कुऱ्हाडीचंच उदाहरण देतात. कुऱ्हाड नुसती कोपऱ्यात उभी असेल तर काही तुटत नाही. तिचा लाकडाशी संयोग व्हावा लागतो. त्या संयोगाला 'व्यापार' म्हणायचं, आणि व्यापारातून फळ देणारं जे विशेष कारण, ते करण. दुसरी गोष्ट ॲरिस्टॉटलची. 'फिजिक्स' या ग्रंथात तो करवतीचा दाखला घेतो. करवतीने कापायचं असेल तर तिला दात हवेत, आणि दात टिकायचे असतील तर ती लोखंडाची हवी. म्हणजे काम काय ते आधी ठरतं, आणि हत्यार कसं असावं हे त्यावरून ठरतं. आपल्याला आज या दोघांचीही गरज लागणार आहे.

आता इतिहासाकडे येऊ. चेनसॉचा उगम जंगलात झालेला नाही. तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्रे असे दोन डॉक्टर होते. अडलेल्या बाळंतपणात ओटीपोटाच्या सांध्यावरची कूर्चा कापायला, तसंच सडलेलं हाड काढायला त्यांनी बारीक दातांची लवचीक साखळी वापरली. एटकिनने १७८५ मधल्या आपल्या प्रसूतिशास्त्राच्या ग्रंथात तिचं चित्र दिलं आहे. हल्ली मोबाइलवर फिरतं, की बाळंतपणासाठी चेनसॉ वापरत! तसं डोळ्यांसमोर आणू नका. दोन टोकांना दोन मुठी आणि मध्ये दातेरी साखळी, हाताने हळूहळू ओढायची, एवढंच ते उपकरण होतं. पुढे १८३० च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइने याने ऑस्टिओटोम केलं. त्यात साखळी एका पट्टीभोवती फिरते आणि दांडा फिरवला की चालते. आजच्या चेनसॉचा आराखडा इथे दिसतो. फक्त इंजिन नाही. हात थांबला की साखळी थांबते, हे लक्षात ठेवा.

लाकडासाठी हा आराखडा उभा राहायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली. १९२६ मध्ये आंद्रेआस श्टील याने श्टुटगार्टला विजेवर चालणारी करवत केली. वजन सुमारे ६४ किलो, म्हणजे एक धडधाकट माणूसच म्हणा ना. धरायला दोघे लागत, आणि जंगलात वीज कुठून आणणार? १९२७ मध्ये एमिल लेर्प याने थुरिंगियातल्या डोलमार डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून दाखवली आणि त्या डोंगराचंच नाव कंपनीला दिलं. १९२९ मध्ये श्टीलचंही पेट्रोलचं यंत्र आलं, ४६ किलोचं. ताकद आली होती, पण हे यंत्र घराच्या मागच्या अंगणात नेण्यासारखं नव्हतं.

ते अंगणात यायला तीन अडचणी सुटाव्या लागल्या. पहिली अर्थातच वजनाची. हलक्या मिश्रधातूंमुळे ती सुटत गेली. १९५० मध्ये श्टीलची एका माणसाची करवत सुमारे १६ किलोवर आली, १९५९ ची 'कॉन्ट्रा' १२ किलोवर. हुस्कवार्ना ही स्वीडनची बंदुका करणारी जुनी कंपनी. तिची पहिली चेनसॉसुद्धा १९५९ चीच.

दुसरी अडचण तुमच्यापैकी साठी ओलांडलेल्यांना पटकन कळेल. टू-स्ट्रोक स्कूटर सुरू होईना की आपण ती एका बाजूला कलती करायचो, आठवतं? जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची छोटी वाटी असते आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट. वाटी सरळ हवी. आता झाड आडवं पाडायचं, मग पडलेला ओंडका उभ्यात कापायचा, म्हणजे करवत वाटेल तशी वळवावी लागणार. वाटी कलली की इंजिन बंद. म्हणून जुन्या करवतींत इंजिन सरळ ठेवून फक्त पुढची पट्टी फिरवायची सोय करावी लागे. १९५० च्या आसपास पडद्याचा, म्हणजे डायफ्रामचा कार्बोरेटर चेनसॉमध्ये आला आणि ती उलटीपालटी कशीही धरली तरी चालू लागली.

तिसरी अडचण दातांची, आणि तिची गोष्ट मला फार आवडते. जुन्या साखळीचे दात लाकूड ओरखडत जायचे. त्यांना धार लावणं हे कसबी माणसाचं, वेळखाऊ काम. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये त्याने एका कुजक्या बुंध्यात भुंग्याची अळी पाहिली. ती आपल्या वाकड्या जबड्यांनी लाकडात आडवी-उभी कशीही वाट काढत होती, आणि ओरखडे काढण्याऐवजी दोन्ही बाजूंनी तासत होती. कॉक्सने तसे वळणदार दात केले, आणि १९४७ मध्ये पोर्टलंडला घराच्या तळघरात साखळीचा धंदा सुरू केला. आजच्या जवळजवळ सगळ्या साखळ्या याच वंशातल्या. गोल कानस घेऊन घरचा माणूस स्वतः धार लावू शकतो, हे त्या अळीचं देणं.

इथपर्यंतची कथा यशाची आहे. आता तिची दुसरी बाजू पाहू.

१९७३ च्या तेलसंकटात न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे व्हरमाँट, मेन वगैरे राज्यांतल्या लोकांना घर तापवायचं तेल परवडेना. लाकडाच्या शेगड्या परत आल्या, आणि ज्याने कधी झाड पाडलं नव्हतं अशा माणसाच्याही हातात चेनसॉ आली. इथे न्यायशास्त्राचं उदाहरण आठवा. कुऱ्हाडीचा सगळा व्यापार तोडणाऱ्याच्या हातातून येतो. तो दमला की कुऱ्हाडही दमते. चेनसॉचं तसं नाही. तिचा व्यापार तिच्या पोटात असतो. माणसाचा पाय घसरला, लक्ष उडालं, तरी साखळी सेकंदाला वीसेक मीटर वेगाने फिरतच राहते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला अडखळला तर करवत उसळून थेट तोंडाकडे येते. पापणी लवायच्या आत.

दुसरा त्रास हळूहळू होणारा. १९६० च्या दशकात जंगलकामगारांची बोटं थंडीत पांढरी पडतात, बधिर होतात, हे डॉक्टरांच्या ध्यानात येऊ लागलं. इंजिनाचा थरथराट वर्षानुवर्षं हातात जिरत होता. यावर उपाय निघाले. मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंग आली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढच्या मुठीसमोर साखळी-ब्रेक आला. करवत उसळली की तो लागतो आणि साखळी जागच्या जागी थांबते.

माझ्या मते या यंत्राच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग इंजिन नव्हे, हा ब्रेक आहे. हाइनेच्या उपकरणात हात थांबला की साखळी थांबत होती. इंजिन आलं आणि ते नातं तुटलं. ब्रेकने ते पुन्हा जोडलं. म्हणून भरवशाच्या चेनसॉची व्याख्या मी अशी करतो : हवी तेव्हा सुरू होते, नको तेव्हा थांबते, आणि बिघडली तर घरी दुरुस्त होते.

आता ॲरिस्टॉटलच्या पद्धतीने आधी काम पाहू. व्हरमाँटच्या एका घराला वर्षाला पाच कॉर्ड सरपण लागतं असं धरा. कॉर्ड म्हणजे आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच रास, १२८ घनफूट. ते सोळा इंची तुकड्यांत कापायचं. आणि ओलं लाकूड जाळता येत नाही. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली यायला उन्हाळा, कठीण लाकडाला कधी दोन उन्हाळे जातात. म्हणून थंडीत, जमीन गोठलेली असताना झाडं पाडायची, वसंतात फोडायची, उन्हाळ्यात रचून ठेवायची, आणि वादळाने पडलेलं झाड मध्येच कधीही. म्हणजे उणे वीस अंशांपासून तीस अंशांपर्यंत करवत चालली पाहिजे.

काम कळलं की हत्यार ठरतं. इंजिन ५० सीसीच्या आसपास, पट्टी सोळा ते अठरा इंच, पट्टी-साखळीशिवाय वजन पाच किलोच्या आतबाहेर. याहून मोठी करवत म्हणजे नुसती मिरवायची हौस. दिवस मावळताना दमलेल्या हातात ती जास्त धोक्याची. इंजिनाचा सांगाडा प्लॅस्टिकपेक्षा धातूचा असावा, कारण तो उघडून भाग बदलता येतात. कार्बोरेटरला उन्हाळा-हिवाळ्याची झडप असावी; थंडीत ती इंजिनाची ऊब आत घेते. साखळीचे दात कोपऱ्याला किंचित गोलसर असावेत. ते थोडे सावकाश कापतात, पण मातकट आणि गोठलेल्या लाकडात त्यांची धार जास्त टिकते. थंडीत साखळीचं तेल पातळ वापरावं. पेट्रोलमध्ये ऑइलचं प्रमाण साधारण पन्नासास एक. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी शोषतं आणि कार्बोरेटरचे पडदे खराब करतं, म्हणून महिनाभरापेक्षा जुनं मिश्रण भरू नये. बॅटरीची करवत? फांद्यांना उत्तम, आवाज कमी. पण कडाक्याच्या थंडीत बॅटरी लवकर मान टाकते.

आणि कोणती कंपनी? ज्या कंपनीचा मेकॅनिक आणि सुटे भाग तुमच्या गावाजवळ आहेत, ती. कितीही नावाजलेली करवत घ्या, एका स्प्रिंगसाठी तीन आठवडे थांबावं लागलं तर ती भरवशाची नाही.

शेवटी आपल्या रस्त्यावर येतो. व्हरमाँटच्या शेतकऱ्याचं एक बरं आहे. करवत निवडणारा तोच, आणि हातात धरणाराही तोच. चुकलं तर भोगणारा तोच, म्हणून तो विचार करून निवडतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर फांद्या छाटणारी माणसं पाहा. करवत कंत्राटदाराने घेतलेली असते, धरणारा रोजंदारीवरचा असतो, आणि त्याच्या पायात चप्पल असते. ब्रेक चालतो का, हे त्याला कुणी दाखवलेलंही नसतं. ॲरिस्टॉटलने विचारलं, करवत कशासाठी? त्याला आपण दुसरा प्रश्न जोडला पाहिजे : करवत कोणाच्या हातात? सोसायटीतल्या झाडांच्या छाटणीचं कंत्राट देताना दर विचारतो, तसं हेही विचारा : ब्रेक चालू आहे का, आणि माणसाला बूट, डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा दिला आहे का. नाही म्हणाला तर काम थांबवा. चांगल्या करवतीला थांबता येतं, तसं आपल्यालाही यायला हवं.

इतकं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.