बिबट्या धरला, पुढे काय?

वारूळवाडी म्हणजे नारायणगावला चिकटलेलं गाव. मीना नदीचा काठ, आसपास ऊस. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली (वडज, माणिकडोह, येडगाव वगैरे), पाणी आलं, ऊस आला आणि उसात बिबट्या आला. त्याला काय, लपायला जागा, प्यायला पाणी आणि वस्तीवर आयती कुत्री!

2001 पासून जुन्नर वनविभागाने जे केलं ते आपण कोणीही केलं असतं. पिंजरे लावले, बिबटे धरले, लांबच्या जंगलात नेऊन सोडले. आमच्या भाषेत, बग दुसऱ्याच्या मॉड्यूलमध्ये ढकलला :) विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये याचा हिशोब मांडला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, ही सोडासोडी सुरू झाल्यावर 17. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, शिवाय ते तिथे थांबेलच असं नाही. 2009 मध्ये माळशेजला सोडलेला ‘आजोबा’ (हो, सिनेमातला तोच) चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला.

म्हणजे आणीबाणीत धावून जाणाऱ्या माणसांनाच आधी शिकवायला हवं होतं. अत्रेय आणि पशुवैद्यक अनिरुद्ध बेलसरे यांनी 2007 मध्ये त्यासाठी मार्गदर्शिका काढली, 2011 मध्ये केंद्रीय मंत्रालयाचीही आली. गंमत म्हणजे यात शौर्याचा भाग फार थोडा. भुलीचं इंजेक्शन लागलं तरी बिबट्या लगेच पडत नाही, काही मिनिटं जातात. तेवढ्यात गर्दी मागे धावली की संपलंच. म्हणून पहिलं काम गर्दी आवरणं, बिबट्या नंतर. ऊसतोडणीत पिल्लं सापडली तर उचलून न्यायची नाहीत. संध्याकाळी त्याच जागी ठेवायची आणि लांब व्हायचं, आई येऊन घेऊन जाते. ‘काही करू नका’ हे शिकवणं किती अवघड, ते प्रॉडक्शन सपोर्ट केलेल्यांना सांगायला नको.

आणि तरी 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला माणसं गेली, त्यात लहान मुलंही. लोकांनी पुणे-नाशिक हायवे अडवला. ज्याचं पोर गेलं त्याच्यापुढे 4 आणि 17 चे आकडे कोण ठेवणार? पण गावात पहिला पोचतो तो वनरक्षकच. पशुवैद्यक तोवर माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून निघालेला असतो, आणि मधला तासभर त्या जमावासमोर हा एकटा.