गोशो : श्रीमंती कोणाच्या मर्जीवर?

परवा वाचताना एक जपानी शब्द भेटला. ‘गोशो’. दोन्ही ओकार लांबवून म्हणायचा. ‘गो’ म्हणजे बडा, ‘शो’ म्हणजे व्यापार. एदो काळातले (१६०३ ते १८६८) बडे व्यापारी म्हणजे गोशो. मला आधी आपला नगरशेठच आठवला. पण त्यांची गोष्ट जरा वेगळीच निघाली.

तेव्हाच्या पुस्तकी उतरंडीत सामुराई वर, मग शेतकरी, मग कारागीर आणि तळाला व्यापारी. गंमत अशी, की सरदारांचं उत्पन्न तांदळात. तो तांदूळ ओसाकाच्या वखारींत यायचा, तिथे विकून रोकड मिळायची. खर्च भागेना, की सरदार पुढच्या तांदळावर व्यापाऱ्याकडून कर्ज घ्यायचे. म्हणजे तळातला माणूस वरच्यांचा सावकार!

ओसाकाचं योदोया घराणं यातूनच मोठं झालं. त्यांच्या दारातच तांदळाचा बाजार भरायचा. नदीवर त्यांनी स्वखर्चाने पूल बांधला. आणि १७०५ साली शोगुनच्या सरकारने त्यांची सगळी मालमत्ता जप्त केली. आरोप काय, तर व्यापाऱ्याला न शोभणारा थाटमाट. सरदारांना दिलेली कर्जंही अर्थातच बुडाली.

याच काळातलं दुसरं घराणं मित्सुई. ताकातोशी मित्सुईने १६७३ मध्ये एदोला, म्हणजे आजच्या टोकियोत, ‘एचिगोया’ नावाचं कापडदुकान काढलं. तोवर कापडवाले बड्यांच्या घरी माल नेत, घासाघीस होई आणि पैसे वर्षातून एकदोनदा मिळत. याने दुकानातच रोखीने आणि एकाच भावाने विक्री सुरू केली. कोणीही यावं, हवं तेवढं कापड कापून न्यावं.

ताकातोशीचा नातू ताकाफुसा याने १७२० च्या दशकात बुडालेल्या व्यापारी घराण्यांच्या हकीकती लिहून ठेवल्या, पुढच्या पिढ्यांना धडा म्हणून. अनेकांच्या बुडण्याचं कारण एकच : सरदारांना दिलेलं कर्ज. ज्याच्यावर दावा लावून वसुली करता येत नाही, त्याला उधार देऊ नये, हा त्यातला धडा.

एचिगोयाचा वारसा आज ‘मित्सुकोशी’ या दुकानात चालू आहे. योदोयांचं मात्र फक्त नाव उरलं. ओसाकात ‘योदोयाबाशी’ म्हणजे योदोयांचा पूल अजून आहे. पूल नवा, नाव जुनं. मेट्रोच्या स्टेशनालाही तेच नाव.

पैसा कमावणं एक, आणि तो आपला राहील याची हमी असणं दुसरं. गोशोंकडे पहिलं भरपूर होतं. दुसरं कोणाकडेच नव्हतं.

असो.