आधी बोट, मग फिल्म

तेलाचा डबा किती भरला आहे हे आपण टिचकी मारून ओळखतो. ऑस्ट्रियातील डॉक्टर औएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये हीच युक्ती छातीसाठी मांडली. हवेने भरलेले फुप्फुस पोकळ वाजते. भोवती पाणी साचले की आवाज बद्द येतो.

मिरजेत डॉ. वॉन्लेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले, तेव्हा डॉक्टरांची मदार बोटांवर आणि स्टेथोस्कोपवर होती. पुढच्याच वर्षी रॉंटजेन यांना क्ष-किरण सापडले. हवेतून ते सहज पार होतात, तिथे फिल्म काळी पडते. पाणी त्यांना अडवते, ती जागा पांढरी राहते. म्हणजे बोटाला जे बद्द लागते, तेच फिल्मवर पांढरे दिसते!

पुढे १९६२ मध्ये मिरजेला शासकीय आणि १९८४ मध्ये सातारा जिल्ह्यात कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आता फिल्म हाताशी असताना विद्यार्थ्याने छाती का ठोकावी? उभ्याने काढलेल्या फिल्मवर साधारण २०० मिलिलिटर पाणीही दिसू शकते; बोटाला त्याहून जास्त लागते. पण आधी ठोकून अंदाज बांधला, तरच फिल्म त्याची चूक दाखवते आणि बोट शिकते. दुर्गम गावात यंत्र नसते, तिथे हे शिकलेले बोटच रोग्याला वेळेवर पुढे पाठवते. वर्गातल्या प्रयोगातही आपण हाच क्रम पाळू: आधी अंदाज, मग पडताळा.