पन्हाळ्याच्या वेढ्यातले दोन सिद्दी

पन्हाळ्यावर येणारा पर्यटक तीन दरवाजापाशी फोटो काढल्याशिवाय परतत नाही. या दरवाजावर पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला फारसी शिलालेख आहे आणि आतल्या चौकटीवर मराठा काळात बसवलेला गणपती. फोटोत दोन्ही येतात. गडावर सांगितल्या जाणाऱ्या इतिहासात मात्र बऱ्याचदा एकच येतो.

मागच्या खेपेस एक वाटाड्या शाळेच्या मुलांना १६६० च्या वेढ्याची गोष्ट सांगत होता. गोष्ट रंगात आली होती. "वर आपण, खाली ते," असे त्याने हाताने दाखवले, तेव्हा घोळक्यामागे उभा असलेला मी कोणत्या बाजूचा, हा प्रश्न मला पडला. उत्तर इतिहासातच शोधायला हवे होते.

खाली वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर हबशी वंशाचा, विजापूरचा सरदार. त्याच्या मदतीला राजापूरच्या वखारीतून हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन आला होता आणि इंग्रजांचे निशाण लावून गडावर गोळे टाकत होता. पुढे विशाळगडाच्या पायथ्याशी महाराजांची वाट अडवणारे होते शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणचे जसवंतराव दळवी. हे दोघेही मराठे. त्या वेळी आदिलशाहीच्या बाजूने उभे होते.

आणि वेढा फोडायला बाहेरून कोण आले? नेताजी पालकर आणि त्यांच्यासोबत सिद्दी हिलाल, हाही हबशीच. त्याचा तरुण मुलगा वाहवाह या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त हा प्रसंग आला आहे. १३ जुलैच्या घोडखिंडीतले बाजीप्रभू आणि पालखीत बसून मरण पत्करणारे शिवा काशीद आपल्याला पाठ आहेत, असायलाच हवेत. पण राजाला सोडवण्यासाठी पोटचा पोर गमावणाऱ्या सिद्दी हिलालचे नाव त्या मुलांच्या कानावर पडले नाही.

एका गोष्टीची काळजी मात्र घ्यायला हवी. हिलालचे नाव घेऊन "पाहा, मुसलमानही निष्ठावान होते" असे प्रमाणपत्र मागण्यात अर्थ नाही. सुर्वे-दळवींच्या निष्ठेवरून कुणी सगळ्या मराठ्यांचा निकाल लावत नाही. जौहर आणि हिलाल यांच्यावरूनही लावू नये. ती लढाई राज्यांची होती. माणसे वतन, चाकरी, राग आणि श्रद्धा पाहून बाजू घेत होती.

गड पाहताना हेच दिसते. शिलाहार राजा दुसरा भोज इथून राज्य करीत होता. अंधारबाव आदिलशाहीतली, शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून ती तीन मजली बंदिस्त केली. तेच पाणी पुढे मराठ्यांच्या शिबंदीने प्यायले. अंबरखान्याच्या कमानदार कोठ्यांची नावे गंगा, यमुना, सरस्वती. दिलेरखानाकडून परतलेल्या संभाजीराजांची आणि महाराजांची भेट जानेवारी १६८० मध्ये याच गडावर झाली. आर्याकार मोरोपंत १७२९ साली इथेच जन्मले. सादोबाचा दर्गा तळ्याकाठी आहे. विठोबा, खंडोबा म्हणावे तसा पीरालाही मराठीने 'बा' लावून घरातला केला. आणि गडाचा चार दरवाजा पाडला तो १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळा इतर अकरा किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. याच यादीत २००८ पासून मलेशियातले जॉर्जटाउन शहर आहे. तिथे एकाच रस्त्यावर चर्च, चिनी देऊळ, मारिअम्मनचे मंदिर आणि कपितान केलिंग मशीद आहे, आणि शहर हा शेजार पाहुण्यांना अभिमानाने दाखवते. आपल्याकडेही दाखवण्यासारखे आहे, तेही एकाच दरवाजावर. तिथे थांबलेल्या मुलांना गणपती दाखवावा, त्याच दमात फारसी अक्षरेही दाखवावीत. आणि वेढ्याची गोष्ट सांगताना सिद्दी दोन होते, एवढे तरी सांगावे.