समुद्राच्या तळापासून स्टेजपर्यंत : गिटारच्या केबलची गोष्ट

गिटारची केबल घ्यायला गेलात की दुकानदार दोन गोष्टी हमखास ऐकवतो : सोन्याचा मुलामा आणि ऑक्सिजनमुक्त तांबं. टोन मात्र तिसऱ्याच गोष्टीने बदलतो. आणि ती गोष्ट माणसाला कळली ती इलेक्ट्रिक गिटार जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, समुद्रात.

१८५८ साली आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी तार अटलांटिकच्या तळाशी टाकली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोचायला सुमारे १६ तास लागले! आत तांबं, बाहेर खारं पाणी, मध्ये गट्टापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचा थर. म्हणजे चक्क हजारो किलोमीटर लांबीचा कपॅसिटर. तो भरायला आणि रिकामा व्हायला वेळ लागे, त्यामुळे एक टिंब दुसऱ्यात मिसळून जाई. विल्यम थॉमसन यांनी (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) याचं गणित आधीच मांडलं होतं. कंपनीचे इलेक्ट्रिशियन वाइल्डमन व्हाइटहाउस, पेशाने सर्जन, यांना ते मान्य नव्हतं. त्यांनी सुमारे २००० व्होल्टचे झटके दिले आणि आधीच अशक्त असलेली तार काही आठवड्यांत मेली.

१९३२मध्ये रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' बाजारात आली. आपण गिटारला खुपसतो तो पाव इंची प्लग मूळचा टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरांचा. कपॅसिटर मात्र समुद्रातलाच, फक्त छोटा : मीटरला साधारण १०० पिकोफॅरड.

एवढ्याशा आकड्याने काय होतं? समुद्रात तो तारेच्या रेझिस्टन्सशी भांडत होता, इथे तो पिकअपच्या इंडक्टन्सशी जोडी जमवतो. पिकअप म्हणजे अतिबारीक तारेचे हजारो वेढे. अडीच हेन्री इंडक्टन्स धरून मी हिशोब केला : ३ मीटर केबलला आवाजाचं टोक ५ किलोहर्ट्झच्या आसपास येतं, ६ मीटरला ४च्याही खाली. त्याच्या वरचं सगळं झपाट्याने गळतं. ट्रेबल जातो तो असा. तांब्याचा रेझिस्टन्स जेमतेम एखादा ओहम आणि समोर अॅम्पचे दहा लाख ओहम, तिथे ऑक्सिजन असला काय, नसला काय! सोनं गंजत नाही, एवढा त्याचा गुण खरा.

जिमी हेंड्रिक्सच्या फोटोंत जुन्या फोनसारखी गुंडाळीची केबल दिसते. ती सरळ केली तर दिसते त्याहून बरीच लांब, म्हणजे कपॅसिटन्सही तेवढा जास्त. त्या टोनमधला थोडा मऊपणा या वायरचाही आहे, असं मला वाटतं.

आता टिकाऊपणाचं. केबल मधोमध क्वचित मरते. मरते ती प्लगपाशी, जिथे ती रोज वाकते आणि सोल्डर सुटतं. म्हणून मी विकत घेताना ब्रँडच्या आधी प्लगचं टोपण उघडून बघतो : सोल्डर चकचकीत आहे का, वायर नीट चिमटली आहे का. टोपण उघडतच नसेल तर ती केबल मी घेत नाही, कारण ती दुरुस्तही होणार नाही.

पुढे वायरलेस आलं आणि केबलच गेली. मग काही गिटारवाल्यांना आवाज फारच टोचरा वाटू लागला. आता काही वायरलेस संचांत 'केबल टोन' नावाचं सेटिंग असतं. ते चालू केलं की नसलेल्या केबलइतका ट्रेबल मुद्दाम कापला जातो.